जिल्ह्याच्या केंद्रावरचं नाटक पाहून त्यावर लिहायचं कसं?

तिसरी घंटा

दिवाळी उलटली की हौशी संघांच्या राज्य नाट्य स्पर्धेच्या, ठिकठिकाणच्या केंद्रांवर होणाऱ्या प्राथमिक फेरीचे वेध लागतात. सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या या स्पर्धेने आवृत्त्यांची साठी केव्हाच ओलांडली आहे. निकाल लागतो, निवडलेली नाटकं अंतिम फेरीला जातात. बाकीच्यांपैकी बहुतेकांचा स्पर्धेतला प्रयोग हाच पहिला आणि हाच शेवटचा.

एवढी एक गोष्ट लक्षात घेतली तर जिल्ह्याच्या ठिकाणी नाटकावर लिहिणाऱ्याचं काम मुंबई-पुण्यातल्या समीक्षकापेक्षा वेगळं आहे हे पटेल. व्यावसायिक नाटकाचे शंभर प्रयोग होतात. एकाने चुकीचं लिहिलं तरी दुसरा बरोबर लिहितो, आणि प्रेक्षक स्वतः जाऊन पाहू शकतो. इथे तसं नाही. नोकरी-धंदा सांभाळून रात्री दहापर्यंत शाळेच्या वर्गात तालमी करून उभं केलेलं नाटक दोन तासांत संपतं, आणि नंतर त्याचा पुरावा म्हणून उरते एखाद्याच्या कपाटातली संहितेची झेरॉक्स आणि वर्तमानपत्राचं कात्रण. त्या कात्रणात काय असतं? "सर्वच कलाकारांनी आपापल्या भूमिका समर्थपणे पेलल्या. नेपथ्य साजेसे होते. प्रकाशयोजना पूरक ठरली. पार्श्वसंगीताने नाटकाची उंची वाढवली." नाटकाचं नाव झाकलं तर ते कुठलं नाटक होतं हे कुणालाही सांगता येणार नाही.

म्हणून माझं ठाम मत आहे की केंद्रावरच्या नाटकाचं परीक्षण ही आधी नोंद असते, निवाडा त्यानंतर. त्या संध्याकाळी रंगमंचावर काय घडलं ते वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं पाहिजे. मग चांगलं-वाईट सांगा, जरूर सांगा, पण ते त्या वर्णनातून आलेलं असू द्या.

उदाहरण देतो. एका हौशी संघाच्या नाटकात आई-मुलाच्या भांडणाचा प्रवेश होता. संवाद ओळखीचेच होते, यापूर्वी दहा नाटकांत ऐकलेले. पण आई झालेली नटी सगळा वेळ गोधडीची घडी घालत होती. मुलगा आवाज चढवतो, ती कोपरे जुळवत राहते. तो "मी जातो" म्हणतो आणि तिच्या हातातली अर्धी घडी सुटते. ती पुन्हा पहिल्यापासून घडी घालायला लागते, आणि या वेळी कोपरे जुळत नाहीत. दुसऱ्या दिवशी छापून आलं, "आईच्या भूमिकेत सहज अभिनय". त्या बाईंनी काय केलं हे कुणालाच कळलं नाही. ही कल्पना दिग्दर्शकाची की नटीची, हे विचारावंसं वाटण्याची वेळही आली नाही. तीन वाक्यं खर्च केली असती तर तो प्रवेश टिकला असता.

कथानक सांगण्यात अर्धी जागा जाते, हा दुसरा रोग. "पडदा उघडतो तेव्हा..." इथून जे सुरू होतं ते शेवटच्या प्रवेशापर्यंत. गोष्ट चार ओळींत सांगता येते. ती सांगून झाल्यावर विचारायचा प्रश्न असा, की ही गोष्ट या लोकांनी आजच का निवडली, आणि ती सांगण्यासाठी रंगमंच कसा वापरला? लेव्हल्स (कमी-जास्त उंचीचे चौथरे) मांडल्या होत्या तर त्यांचा उपयोग झाला की नुसत्या दिसल्या? नट बोलत नसताना काय करत होते? शेवट ब्लॅकआऊटने केला की नटांना उभं ठेवून पडदा पाडला, आणि त्याने काय फरक पडला?

"हौशी आहेत, सांभाळून घ्या" हा सल्ला मला मान्य नाही. बिनपगारी रजा टाकून तालमीला येणाऱ्या माणसाला सांभाळून घेणं नको असतं. आपलं काम कुणीतरी नीट पाहावं, एवढंच त्याला हवं असतं. कौतुकाची सरसकट वाक्यं हाही न पाहण्याचाच प्रकार आहे. आणि चार ओळींत टर उडवणं हा दुसरा. दोन्हींत लिहिणाऱ्याने नाटकाकडे पाहिलेलंच नसतं.

तुम्ही आपापल्या गावी काय पाहता, कसं लिहिता, वाचताना काय खटकतं, ते सांगा. नट-तंत्रज्ञ मंडळींनी तर नक्कीच.

विंगेतून

खानदेशातल्या एका हौशी संघात काम करते. नावावरून ओळखलंच असेल, मी नाटक पाहते त्यापेक्षा विंगेत जास्त उभी असते.

तुमचा गोधडीचा दाखला वाचून लगेच लिहायला बसले. आमच्याबद्दल चांगलं लिहून आलं की आम्ही कात्रण ग्रुपवर टाकतो, आनंद होतो, खोटं कशाला बोलू. पण दोन दिवसांनी लक्षात येतं की त्यातून शिकण्यासारखं काहीच नव्हतं. मला आजवर उपयोगी पडलेलं वाक्य टीकेचं होतं. एका जाणत्या प्रेक्षकाने लिहिलं होतं, "समोरचा नट बोलत असताना ही अभिनेत्री ऐकत नाही, स्वतःच्या वाक्याची वाट पाहते." रडू आलं होतं. पण पुढच्या नाटकाच्या पहिल्या तालमीपासून मी तेवढं एकच डोक्यात ठेवलं.

आणखी एक सांगते. परीक्षणात बॅकस्टेजची माणसं कधीच येत नाहीत. दोन प्रवेशांच्या मध्ये वीस सेकंदांच्या अंधारात घराचं ऑफिस करणारी चार मुलं असतात. त्यांनी ते आवाज न करता केलं तर लिहायला काय हरकत आहे?

डिमर

प्रकाशयोजनेबद्दल लिहायचं म्हणजे "पूरक" हा शब्द टाकायचा, असा जणू नियमच झालाय. मी प्रकाशयोजना करतो. पूरक म्हणजे काय, हे मला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही.

तीन साध्या गोष्टी पाहा. उजेड कुठून येतोय? म्हणजे वरून, बाजूने, खिडकीतून, की समोरून सपाट? काय दिसत नाहीये आणि ते मुद्दाम लपवलंय का? आणि उजेड बदलतो तेव्हा तो नटाच्या हालचालीबरोबर बदलतो की आधी-नंतर? बस. यासाठी दिव्यांची नावं माहीत असण्याची गरज नाही.

दुसरी बाब जास्त महत्त्वाची. नाट्यगृहाचा दोष आणि संघाचा दोष वेगळा करा. एका केंद्रावर आम्हाला अर्ध्या दिव्यांवर प्रयोग करावा लागला, कारण उजेड कमी-जास्त करणारे निम्मे डिमर चालतच नव्हते. सकाळी हॉल ताब्यात मिळतो, त्यात नेपथ्य उभं करायचं, दिवे लावायचे, फोकस करायचे, ध्वनी तपासायचा, आणि जमलं तर एक तांत्रिक तालीम. परीक्षणात आलं, "प्रकाशयोजनेत वैविध्याचा अभाव". नाट्यगृहातल्या दिव्यांची, ध्वनियंत्रणेची, बंद पंख्यांची अवस्था लिहा ना. नगरपालिकेला जाग आली तर त्यानेच येईल.

जुना प्रेक्षक

डिमर, नाट्यगृहाबद्दल तुम्ही बोललात म्हणून कोल्हापूरचं लिहितो. केशवराव भोसले नाट्यगृहाला ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आग लागली. शाहू महाराजांच्या काळात पॅलेस थिएटर म्हणून १९१५ मध्ये ते उभं राहिलं होतं, आणि आग लागली ती गायक-नट केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. नंतर पुष्कळ लिहून आलं, त्यात वास्तूचा इतिहास होता, आठवणी होत्या, हळहळ होती. पण त्या रंगमंचावर आवाज कसा लागायचा, शेवटच्या रांगेत कुजबूज पोचायची का, कुठल्या कोपऱ्यात उभं राहिलं की नट गाडला जायचा, हे तिथे प्रयोग पाहून लिहिणाऱ्यांनी त्या त्या वेळी लिहून ठेवलेलं फार थोडं सापडतं. भिंती पुन्हा बांधता येतात. नट तिथे कसा ऐकू येत होता, ही माहिती लिहिलेली नसेल तर गेलीच.

तिसरी घंटा यांच्या मुद्द्याला माझा पाठिंबा आहे, आणि त्यात भर घालतो. आपल्याकडे "जिल्ह्याचं नाटक" म्हणताना दुय्यम असल्याचा सूर लागतो. विष्णुदास भावे यांनी ५ नोव्हेंबर १८४३ ला सीतास्वयंवराचा खेळ केला तो सांगलीत. आपण रंगभूमी दिन साजरा करतो तो त्या तारखेला. तेव्हा सूर बदलला तरी चालेल.

स्पर्धेच्या नाटकाकडे कसं पाहावं याचा एक धडा १९७२ चा आहे. १६ डिसेंबरला पुण्यात भरत नाट्य मंदिरात पीडीएने (प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनने) राज्य नाट्य स्पर्धेसाठी 'घाशीराम कोतवाल' केलं. त्यातला माणसांचा पडदा आठवा. ओळीने उभे राहिलेले ब्राह्मण, तेच भिंत, तेच पडदा, तेच साक्षीदार. मागे काय चाललंय ते तेच झाकतात आणि तेच उघडं करतात. आता विचार करा, त्या संध्याकाळी "नेपथ्य: साजेसे" या रकान्यात कुणी काय भरलं असतं? नेपथ्य, संगीत, अभिनय असे कप्पे करून बसलं की अशा नाटकापुढे लिहिणारा हतबल होतो, कारण तिथे समूहच नेपथ्य होता आणि समूहच संगीत. पुढे संस्थेने प्रयोग थांबवले, मंडळी बाहेर पडली, १९७३ मध्ये थिएटर अकादमी झाली, आणि नाटक जगभर गेलं. सगळ्यांच्या नशिबी ते नसतं. पण उद्या आपल्या केंद्रावर असं काही आलं तर ते ओळखण्याइतके डोळे उघडे हवेत.

बातमीदार

जिल्हा आवृत्तीत काम करतो. तुम्ही ज्या कात्रणांबद्दल बोलताय त्यातली काही माझीच असतील, म्हणून बाजू मांडतो.

नाटक संपतं साडेनऊला. पान जातं अकराच्या आत. जागा तीनशे शब्द, जाहिरात आली तर दोनशे. त्यात सगळ्या कलाकारांची, तंत्रज्ञांची नावं घालावी लागतात, एक जरी राहिलं तरी दुसऱ्या दिवशी फोन येतो. नावांतच ऐंशी-नव्वद शब्द जातात. ज्याला नाटकातलं कळतं असा स्वतंत्र माणूस आता जिल्हा कार्यालयात नसतो. मीच सकाळी बाजार समिती, दुपारी महापालिकेची सभा आणि संध्याकाळी नाटक करतो. नोंद व्हावी हे मला मनापासून पटतं. या चौकटीत ती कशी करायची ते सांगा.

तळकोकण

सगळे स्पर्धेबद्दल बोलत आहेत, मी थोडं बाजूला जातो. आमच्याकडे जत्रेत देवळासमोर दशावतार होतो. त्यावर लिहायला बाहेरून माणसं येतात आणि संहिता मागतात. संहिताच नसते! आख्यान कुठलं ते ठरतं, प्रवेशांचा क्रम ठरतो, आणि पुढचं सगळं नट रंगमंचावर रचतात. समोरच्याने टाकलेल्या वाक्याला त्याच ताकदीचं उत्तर देणं, त्यात पुराणाचा दाखला देणं, आणि पखवाजवाल्याने ते ओळखून नेमकी थाप देणं. स्त्रीपात्र करणारा पुरुष बोलण्यात रावणाला हरवतो तेव्हा मंडपात जो हुंकार उठतो, तो कुठल्याही नाट्यगृहात ऐकला नाही.

याचं परीक्षण "लेखन, दिग्दर्शन, नेपथ्य" या मापाने कसं होणार? इथे लेखक नट आहे. म्हणजे एकाच मंडळाचं तेच आख्यान आज एका गावात आणि उद्या दुसऱ्या गावात पाहिलं तर दोन वेगळी नाटकं पाहायला मिळतात. तिसरी घंटा, तुमचं "त्या संध्याकाळची नोंद" हे सूत्र आमच्याकडे तर आणखीच लागू पडतं. हल्ली ट्रिकसीनचे प्रयोग जोरात आहेत. त्यात धूर, उडणारे बाण, प्रकट होणारे देव असतात. गर्दी होते. पण त्यामुळे बोलाचालीचा वेळ कमी झाला आहे, आणि जुने नट जे तासभर संवादावर प्रयोग तोलून धरायचे ते आता क्वचित दिसतात. हे कुणी लिहीत नाही. कौतुकाने "लोककलेचे जतन" म्हणतात आणि जातात.

झाडीचा माणूस

वा! आता आमचंही ऐका.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. धान निघालं, दिवाळी झाली की होळीपर्यंत झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशात नाट्यमंडळांची कार्यालयं आहेत, गावोगावची मंडळं तिथून नाटक ठरवतात आणि गावात तिकीट लावून करतात. मंडई म्हणजे गावची जत्रा, किंवा शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत असली की पाव्हणे येतात, आणि रात्री नाटक. दहाच्या सुमाराला सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्यांना आमचं नाव थोडं कळलं.

शहरातून येणारा माणूस काय लिहितो? "लांबलेलं, भडक, मध्येच गाणी". लांबलेलं? अहो, दहा-पंधरा गावांहून लोक आलेत, मध्यरात्री नाटक संपलं तर ते थंडीत जाणार कुठे? नाटक पहाटेपर्यंत चालणं ही इथली गरज आहे, आणि नटाला ती पेलायची असते. रात्री तीनला थंडीत बसलेल्या हजार माणसांना जागं ठेवणं ही कमी प्रतीची कला आहे का? आवाज मोठा लावतात कारण समोर उघडं मैदान आहे. गाणी दंडार, खडी गंमत या इथल्या लोकनाट्यांतून आली आहेत, ती कुणी वरून टाकलेली नाहीत.

माझं माप साधं आहे. पहाटे मंडप भरलेला आहे का? असेल तर नाटक चांगलं.

तिसरी घंटा

झाडीचा माणूस, तुमच्या पोस्टमधला पहिला भाग मी शंभर टक्के मान्य करतो. उघड्या मैदानातला आवाज नाट्यगृहाच्या कानाने ऐकून "भडक" म्हणणं चूक आहे. नाटक कुणासाठी, कुठे, किती वाजता होतं हे ज्याला माहीत नाही त्याने निवाडा देऊ नये.

पण शेवटच्या मापाशी माझं जमत नाही. भरलेला मंडप ही नोंद आहे, आणि ती करायलाच हवी. तेवढ्यावर नाटक चांगलं ठरत नाही. तुमच्याच हंगामात दोन नाटकं पहाटेपर्यंत मंडप भरून चालली, तर त्यांतलं कुठलं अधिक चांगलं हे तुम्ही गावच्या चौकात सांगताच की! कुणाची खलनायकी नुसती आरडाओरडा होती, कुणाचं गाणं प्रसंगातून आलं आणि कुणाचं नुसतं वेळ काढायला, हे तिथला प्रेक्षक अचूक बोलतो. मला ते बोलणं छापील पानावर हवंय, तिथल्याच मापाने, तिथल्याच माणसाने लिहिलेलं. बाहेरच्याने येऊन समजूतदारपणे कौतुक करण्यापेक्षा ते कितीतरी मोलाचं आहे. तुम्ही लिहिता का?

झाडीचा माणूस

बोलतो खूप, लिहिलं नाही कधी. दंडारीतला सोंगाड्या आणि आजच्या नाटकातला विनोदी नट यांच्यात काय राहिलं आणि काय गेलं, यावर डोक्यात बरंच आहे. या हंगामात एक नाटक पाहून इथे टाकतो. भाषा झाडीबोलीची चालेल ना?

तिसरी घंटा

चालेल नाही, तशीच हवी.

विंगेतून

एक अवघड विषय काढू का? लहान गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. परीक्षण लिहिणारे सर कधी आमचंच नाटक बसवायला मदत करतात, कधी त्यांचा भाचा दुसऱ्या संघात असतो. वाईट लिहिलं तर सकाळी भाजी घेताना भेट होते. आमच्याकडे एकाने एका संघाबद्दल कडक लिहिलं तर तीन वर्षं त्या संघातलं कुणी त्याच्याशी बोलत नव्हतं. अशा ठिकाणी खरं लिहिणं जमतं का?

जुना प्रेक्षक

जमतं, पण त्याला शिस्त लागते. ज्या संघाच्या तालमीत तुम्ही बसलात त्यावर लिहायचं नाही. नातं असेल तर पहिल्याच ओळीत सांगायचं. संघाने दिलेलं जेवण, सत्कार, शाल घ्यायची नाही. एवढं पाळलं की बाकीचं लिखाणाच्या दर्जावर अवलंबून राहतं.

नाटकातला माणूस नाटकावर लिहू शकत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. जयंत पवार हे नाटककार होते आणि नाट्यसमीक्षकही. २०२१ मध्ये ते गेले. गिरणगावावर 'अधांतर' लिहिणारा माणूस दुसऱ्याच्या नाटकावर लिहिताना त्यामागची मेहनत जाणून लिहीत होता, आणि तरी बोटचेपेपणा करत नव्हता. आतला माणूस असण्याचा फायदाच आहे, कारण घडी सुटणं हा अपघात की योजना हे त्याला कळतं. अट एकच, रागलोभ उघडे ठेवायचे.

कडक लिहिण्याबद्दलही सांगतो. माणसं टीकेने दुखावतात त्यापेक्षा पुरावा नसलेल्या टीकेने जास्त दुखावतात. "दिग्दर्शन कमकुवत" म्हटलं तर भांडण होणारच. "दुसऱ्या अंकात सलग चार प्रवेश सोफ्याच्या मागे उभं राहून बोलले गेले, त्यामुळे मधला संघर्ष दिसलाच नाही" म्हटलं तर दिग्दर्शक चिडेल, पण रात्री तो सोफा त्याच्या डोळ्यांपुढे येईल.

डिमर

परीक्षण निकालाआधी छापावं की नंतर, हाही एक वाद आहे. आमच्या केंद्रावर काही संघ म्हणतात की रोज परीक्षण आलं तर परीक्षकांच्या मनावर परिणाम होतो.

बातमीदार

परीक्षक स्वतः समोर बसून नाटक पाहतात, त्यांनी आमचं वाचून मत बनवायची वेळ आली तर प्रश्न परीक्षणाचा नाही. आणि निकालानंतर लिहिलं की वाचणारा ते निकालाच्या चष्म्यातून वाचतो. पहिलं आलेल्याला शिव्या घातल्या तर पोटदुखी, कौतुक केलं तर लाळघोटेपणा. शिवाय दोन आठवड्यांनी मला कालचा प्रवेश आठवत नाही, पहिल्या दिवसाचा कुठून आठवणार. रात्रीच लिहायचं.

तिसरी घंटा

बातमीदार, पूर्ण सहमत, रात्रीच. आणि तुमच्या तीनशे शब्दांच्या प्रश्नाकडे वळतो, कारण या सगळ्या चर्चेत खरा अडथळा तोच आहे.

नावांचा तक्ता वेगळा करा. चौकटीत बारीक अक्षरांत सगळी नावं, बॅकस्टेजसकट. मजकुरात फक्त ज्यांच्याबद्दल काही सांगायचं आहे तेच. पुरवणीच्या संपादकाला ही चौकट पटवून देणं अवघड नाही, कारण ज्यांची नावं छापून येतात ती सगळी कुटुंबं अंक विकत घेतात.

कथानकाला चाळीस शब्द. मग एक प्रवेश निवडा, एकच, ज्यात नाटकाचं बळ किंवा नाटकाचं अपयश सगळ्यात स्पष्ट दिसलं. तो नीट उभा करा. त्यात अभिनय, उजेड, जागा, आवाज सगळं आपोआप येतं, कप्पे करावे लागत नाहीत. त्यानंतर एक प्रश्न, जो नाटक बघून तुम्हाला पडला. प्रेक्षक कुठे हसले, कुठे चुळबुळले, ते एका ओळीत. नाट्यगृहात काही बिघडलं असेल तर तेही. प्रत्येक विभागाला एकेक विशेषण वाटत बसायचं नाही. ज्याबद्दल काही सांगण्यासारखं नाही त्याबद्दल गप्प राहिलं तर कुणाचा अपमान होत नाही.

आणि नाटक चालू असताना अंधारात वहीत शब्द खरडून ठेवा. मोबाइल नको, मागच्याच्या डोळ्यांवर उजेड जातो.

तळकोकण

वहीबद्दल दशावतारात एक अडचण. लिहायला मान खाली घातली की नेमका सवाल-जवाब हुकतो. मी आख्यान संपल्यावर नटांशी पहाटे चहाला बोलतो. कुठलं वाक्य आज नवीन सुचलं ते तेच सांगतात. संहिता नसलेल्या प्रकाराची नोंद अशीच मिळते.

बातमीदार

काल रात्री नाटक होतं. वरचं वाचून गेलो होतो. पान लागलं त्यात जे लिहिलं त्यातला मधला भाग इथे देतो, संघाचं नाव काढून. पुरवणीसाठी थोडा वाढवून पुन्हा लिहिणार आहे, त्यामुळे सुधारणा सांगा.

"धरणात गेलेल्या गावातली तीन भावंडं वाटणीसाठी एकत्र येतात. जमीन पाण्याखाली आहे, वाटायची आहे ती भरपाई. पहिला अंक कागदपत्रांच्या बोलण्यात रेंगाळतो आणि थोरल्या भावाचा आवाज सुरुवातीपासूनच वरच्या पट्टीत असल्याने पुढे चढायला जागा उरत नाही. दुसऱ्या अंकात बहीण जमिनीवर खडूने जुन्या घराचा आराखडा काढते. स्वयंपाकघर, पडवी, देव्हारा. भाऊ भांडत राहतात आणि नकळत त्या रेषा ओलांडत नाहीत, दाराच्या जागेतूनच ये-जा करतात. धाकटा रागाने देव्हाऱ्याच्या रेषेवर पाय देतो तेव्हा सभागृहात कुणीतरी मोठ्याने श्वास घेतला. निळा उजेड हळूहळू रेषांवर पसरतो आणि घर पुन्हा पाण्याखाली जातं. हा प्रवेश शेवट म्हणून पुरेसा होता. त्यानंतर आलेलं, सरकारला उद्देशून केलेलं दहा मिनिटांचं भाषण प्रेक्षकांना आधीच कळलेलं पुन्हा सांगतं. लेखकाने ते का ठेवलं असावं, हा प्रश्न पडतो. ध्वनिक्षेपक दोनदा बंद पडला, नटांनी आवाज लावून प्रवेश पुढे नेला."

विंगेतून

दादा, मी हे नाटक पाहिलेलं नाही आणि तरी मला ते घर दिसलं. बहिणीचं काम करणारीने खडू कसा धरला होता, घाईत की सावकाश, एवढं सांगा. तिचं नाव चौकटीत आहे पण तिच्याबद्दल ओळ नाही.

डिमर

उजेड पसरला म्हणता, तो वरून आला की एका बाजूने? बाजूने आला असेल तर पाणी चढल्यासारखं दिसलं असणार, आणि ते प्रकाशयोजनाकाराचं काम आहे.

बातमीदार

बाजूने, डाव्या विंगेतून, खालच्या पातळीवर. आणि खडू सावकाश. देव्हाऱ्याची रेष तिने दोनदा गिरवली. दोन्ही घालतो.